आयरिसच्या मुळातील खनिजे

काश्मीरमध्ये कबरींवर आयरिसची निळी-जांभळी फुले फुललेली दिसतात. या वनस्पतीचे वाळविलेले मूळ, वस्तुतः भूमिगत खोड, युनानी वैद्यकात ‘इरसा’ या नावाने परिचित आहे. त्यात पोटॅशियम, कॅल्शियम, लोह, जस्त ही मूलद्रव्ये असतात. परंतु तेवढ्याने ते औषध ठरत नाही. त्यातील पुष्कळसे कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांत बद्ध असल्याने शरीरास लाभत नाही. ताजे मूळ तर वांती व रेच घडविते. शिवाय वनस्पती इष्टाबरोबर अनिष्टही शोषते. पिवळे आयरिस सांडपाण्यातील जड धातू ओढून घेते, म्हणूनच जलशुद्धीसाठी त्याची लागवड करतात. अशा जागेचे मूळ औषधात आले, तर त्याबरोबर शिसे व कॅडमियमही पोटात जाईल. सबब, मूळ कोणत्या भूमीत वाढले याची चौकशी आणि त्याची रासायनिक तपासणी, दोन्ही उपचारापूर्वीच व्हावयास हवीत.