निरोप वस्तीपर्यंत पोहोचला पाहिजे



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून झोपलेल्या गावांवर दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. त्या वेळी देशात मोबाईल सेवाच नव्हती. ती १९९५ साली आली.

आज खिशाखिशात फोन आहे, तरी भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारे यंत्र जगात कुठेही नाही. तसा संदेश फोनवर आला तर तो पुढे पाठवू नये. केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, हे भगवंतांनी कालामांना सांगितलेच आहे.

पुराचे मात्र तसे नाही. तो बहुधा आधी कळतो. १९४३ च्या दामोदर महापुरानंतर नदीनियंत्रणाची योजना आखण्यात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री बाबासाहेबांचा मोठा वाटा होता. त्यांच्याच खात्याखाली १९४५ साली जो जलआयोग स्थापन झाला, त्यातूनच आजचा केंद्रीय जलआयोग उभा राहिला. तो आज नद्यांची पातळी मोजून पुराचे अंदाज देतो. आपल्या समाजाला बाबासाहेबांचे हे काम फारसे ठाऊक नाही, याची आम्हांला खंत वाटते.

पण अंदाज निघाला म्हणजे तो पोहोचला असे नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांत शिरले. अशा वेळी आपली वस्ती कुठे असते? पुष्कळदा गावकुसाबाहेर, सखल जागी. ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा आवाज तिथे जाईलच असे नाही. फोन कर्त्या पुरुषाच्या खिशात आणि तो कामावर; घरी म्हातारी, बाळंतीण, लेकरे. वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही संपते. मदतवाटपातही भेदभाव होतो, हे २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या सुनामीत दिसले आहे.

म्हणून प्रत्येक विहारात बॅटरीवरचा रेडिओ, हातातला भोंगा आणि एक नोंदवही असावी असे आम्ही सुचवतो. नोंदवहीत घरोघरचे आजारी, अपंग, गरोदर स्त्रिया आणि घरातील निदान एका स्त्रीचा फोन नंबर असावा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२ हे नंबर भिंतीवर रंगवावेत. फोनमधला नंबर फोन बंद पडला की उपयोगाचा नाही.

आपत्तीनंतर पंचनामा होतो आणि तिथे कागद लागतात. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक यांचे फोटो विद्यार्थ्यांनी आधीच काढून दोन ठिकाणी ठेवून द्यावेत. घराचाही फोटो असावा, पडण्यापूर्वीचा. नोंदवही दरवर्षी मे महिन्यात घरोघर जाऊन तपासावी, कारण फोन नंबर फार बदलतात.