डांगे यांची मतं आणि आपल्या दोन चिठ्ठ्या



कॉम्रेड डांगे केव्हा पडले आणि केव्हा निवडून आले, याचा हिशेब आज मांडायचा आहे. पगाराचं पाकीट आपण दारातच मोजून घेत होतो. मग मतं का मोजू नयेत?

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पाठोपाठ मेरठचा खटला, तुरुंग. एवढी पुण्याई असलेला पुढारी १९५२ साली लोकसभेला उभा राहतो आणि पडतो! काय म्हणून?

उत्तर मुंबईची जागा दुहेरी होती. एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन चिठ्ठ्या, आणि दर उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकल्या की एक बाद. राखीव जागेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, त्यांचा समझोता समाजवादी अशोक मेहतांशी. डांगे निराळे. निकाल लागला तेव्हा दोन्ही जागा काँग्रेसच्या पदरात! बाबासाहेब पडले ते पंधरा हजारांहूनही कमी मतांनी, आणि बाद चिठ्ठ्या निघाल्या सत्तर हजारांवर. कम्युनिस्टांनी दुसरं मत फुकट घालवायचा प्रचार केला, अशी तक्रार बाबासाहेब आणि मेहतांनी केली. त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पण कायद्याचा निवाडा वेगळा आणि कामगारांच्या मनातली बोच वेगळी. आम्ही डांग्यांच्या झेंड्याखालचे, तरीही स्पष्ट सांगतो: असा प्रचार ज्यांनी कुणी केला, त्यांनी मालकांचंच काम केलं. साच्यावर शेजारी उभा राहणारा महार बांधव आणि आपण, दोघांचीही मतं वाया गेली. फायदा कुणाचा झाला, ते सांगायला नको.

आता १९५७ बघा. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, कालचे भांडखोर एका व्यासपीठावर! बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. निवडणूक तीनच महिन्यांत आली. मध्य मुंबईची जागा पुन्हा दुहेरी, चिठ्ठ्या पुन्हा दोन. या खेपेला एक डांग्यांना, एक फेडरेशनच्या गोपाळ काळूजी मानेंना. दोघेही निवडून आले. मतदार तोच, गिरणगाव तेच. गोळीबारात पडलेल्यांची आठवण ताजी होती, हे खरं. पण नुसत्या आठवणीनं पेटी भरत नाही हो, दोन्ही चिठ्ठ्या नीट पडाव्या लागतात.

१ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला, आणि मिळाल्याबरोबर समितीची वीण उसवली. १९६२ साली डांगे काँग्रेसच्या वि. बा. गांधींकडून पडले. तोवर दुहेरी जागा मोडीत निघाल्या होत्या. १९६७ ला दक्षिण-मध्य मुंबईतून पुन्हा आले. त्याच वर्षी शेजारच्या दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिसांनी पाडलं. १९७१ ला डांग्यांची ती जागाही काँग्रेसनं घेतली.

पडणं-जिंकणं किती थोडक्यात होतं, ते परळला विचारा. आमदार कृष्णा देसाईंचा १९७० साली खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. फरक १,६७९ मतांचा. बी. डी. डी. च्या एका चाळीत ऐंशी खोल्या. अशा चार-पाच चाळींत एवढी माणसं सहज राहत होती.