नुसतं नाव

गेल्या महिन्यात आमचं सारं खानदान गावच्या मराठी शाळेत जमलं होतं. शाळेला माझ्या फुफीचं, म्हणजे आत्याचं, नाव दिलं. पाटीवरचा पडदा सरकला आणि माझे थोरले भाऊ कुजबुजले, "ना नवऱ्याचं नाव, ना वडिलांचं?"

मला सावित्रीबाई आठवल्या. १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रात नुसतं 'फातिमा' एवढंच आहे. म्हणून तर ती कोण, यावर आजही वाद घालता येतो. तेव्हा भाईजानचंही अगदीच चुकलं नव्हतं.

फुफीला ऐकू गेलं होतं. चष्मा सावरत म्हणाली, "३१ वर्षं हजेरी घेतली रे. पोरींची नुसती नावंच पुकारायचे मी."

आणि शिरखुर्म्याची वाटी तिनं पुन्हा पुढं केली.