केसपेपर एकत्र बसून वाचूया

प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या खिडकीतून प्रत्यक्ष औषध देणारी माणसे आज पुढच्या रांगेत बसली आहेत, याचा स्वागत समितीला विशेष आनंद आहे.

औषधांचा वापर योग्य होतो की नाही, हे ओळखायला महागडी यंत्रे लागत नाहीत. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सोपी पद्धत दिली: किमान २० केंद्रे आणि प्रत्येक केंद्रातले ३० रुग्ण. एका रुग्णाला सरासरी किती औषधे लिहिली, अँटिबायोटिक किती जणांना, इंजेक्शन किती जणांना, हे केसपेपरवरून मोजायचे. पुडीवर नीट लिहिले आहे का आणि रुग्णाला डोस कळला का, हेही त्यात आहे. या शेवटच्या दोन प्रश्नांकडे समितीला आज सर्वांचे लक्ष वेधायचे आहे.

ओपीडीच्या गर्दीत पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या हातावर ठेवल्या जातात. त्या तुकड्यावर अनेकदा ना औषधाचे नाव उरते, ना मुदत. ‘पांढरी सकाळ-संध्याकाळ, पिवळी रात्री’ एवढे ऐकेपर्यंत मागचा माणूस पुढे सरकलेला असतो. घरी गेल्यावर दोन पांढऱ्या गोळ्यांपैकी कोणती, हे आजीला आठवले नाही, तर डॉक्टरांचे अचूक निदानही वाया जाते.

आता इंजेक्शनांकडे वळू. सुईचा आग्रह रुग्णच धरतात, असे नेहमी ऐकू येते. इंडोनेशियात योग्यकर्ता भागात डॉक्टर आणि रुग्णांना समोरासमोर बसवून यावरच चर्चा घडवली. तिथल्या केंद्रांत इंजेक्शनांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आले. या अभ्यासाचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधपुरवठा आणि वापर तपासला होता. तरीही केसपेपर नेमाने वाचण्याची सवय सगळीकडे रुजलेली नाही, ही खंत आहे.

दोष एकट्या डॉक्टरांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. कपाटात जे असते तेच लिहिले जाते. म्हणूनच तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारले. पुरवठ्याची जबाबदारी शासनाचीच आहे, हे समिती स्पष्टपणे मांडते.

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटाला नावे झाकलेले ३० केसपेपर मिळतील. फळ्यावर मांडलेल्या आकड्यांपुढे कोणत्याही केंद्राचे नाव नसेल. कुणावर ठपका ठेवायचा नाही. सर्वांनी मोकळेपणाने मोजावे, ही विनंती.