बंद कचेरी आणि चालू भत्ता



वलगावात वेतनाविषयी बोलायचे तर गाडगेबाबांपासूनच आरंभ करावा लागतो. २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ, पेढी नदीच्या परिसरात, बाबांनी देह ठेवला. आधी खराटा, मग भाकरी, हा त्यांचा हयातभराचा शिरस्ता होता. शासन हा न्याय आपल्या कर्मचाऱ्यांना कसोशीने लावते. तो मंत्रालयाचा जिना मात्र चढत नाही.

१४ डिसेंबर १९७७ रोजी राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून संप पुकारला. तो ५४ दिवस चालला. १४ मार्च २०२३ रोजी जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा संप झाला, तेव्हा ‘काम नाही, वेतन नाही’ असे सरकारने आधीच बजावले होते. नेमक्या त्याच आठवड्यात राज्यभर अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. शेतातला गहू-हरभरा आडवा पडला, आणि पंचनामा करणारे हात संपावर! २० मार्चला संप मागे घेतला गेला. तोवर शेतकऱ्याने नासलेल्या पिकाकडे पाहत बसायचे. कर्मचाऱ्याने वेतन पणाला लावले, शेतकऱ्याने पीक गमावले. ज्यांच्या निर्णयावाचून संप मिटणार नव्हता, त्यांच्या वेतनाला व भत्त्याला धक्का लावील अशी तरतूद कोणत्याही कायद्यात नव्हती. दैवदुर्विलास असा, की १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्या कर्मचाऱ्याला जे निवृत्तिवेतन नाकारले गेले होते, ते माजी आमदाराला एका कार्यकाळासाठीही मिळत होते : २०१६ पासून दरमहा ५० हजार रुपये.

हे कसे घडते? संविधानाच्या १९५व्या अनुच्छेदानुसार आमदारांचे वेतन विधिमंडळच कायद्याने ठरविते. घेणारा तोच, देणारा तोच. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचे वेतन दुपटीहून अधिक वाढविणारे विधेयक चर्चेवाचून संमत झाले. तलाठ्याच्या भत्त्यासाठी मात्र समित्या बसतात.

अमेरिकेत खर्चाची मंजुरी अडली की सरकारी कामकाजच थांबते. १ ऑक्टोबर २०२५ पासून ते ४३ दिवस थांबले. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. काँग्रेस सदस्यांचे वेतन चालूच राहिले, कारण त्याला दरसालच्या मंजुरीची गरज नसते. आपल्याकडे ती आपत्ती सहसा येत नाही. लेखानुदानाची सोय आहे, आणि अर्थसंकल्पच फेटाळला गेला तर मंत्रिमंडळाला जावे लागते. परंतु कचेरीला कुलूप आणि खुर्ची शाबूत, हा आपला देशी प्रकार त्यातून सुटून जातो.

आमदारांच्या वेतनाला हात लावता येत नाही, ही सबब खरी नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात राज्य मंत्रिमंडळाने आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात ठरविली होती. साथीत जे जमले ते संपात का जमू नये? २०१८ मध्ये संसदेचे अधिवेशन वाया गेले तेव्हा सत्ताधारी आघाडीने आपल्या खासदारांचे २३ दिवसांचे वेतन सोडण्याची घोषणा केली. परंतु स्वेच्छेचा त्याग म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. त्याची वसुली करता येत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. सरसकट कपात केली तर साखर कारखान्याच्या अध्यक्षाला ती जाणवणारही नाही, एस.टी.ने फिरणारा आमदार तेवढा मोडेल. शिवाय सभागृह अडविणे हे विरोधकांचे जुने हत्यार आहे. त्यालाच दंड लावला, तर सरकार हवे तेव्हा विरोधकांचे तोंड बंद करील. म्हणून कात्री आधी मंत्र्यांच्या वेतनाला लागावी. ज्या दिवसांचा पगार संपकऱ्याला नाकारला जाईल, त्याच दिवसांचा पगार संबंधित खात्याच्या मंत्र्याला आणि मुख्यमंत्र्यांना मिळू नये. आणि तडजोडीत कर्मचाऱ्याला तो परत मिळाला, तर त्यांनाही मिळावा. तिजोरीत यातून फारशी भर पडणार नाही, हे अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल. पण वाटाघाटीची पहिली बैठक सातव्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी बोलावली जाईल, आणि वलगावच्या शेतकऱ्याचा पंचनामा पीक कुजण्यापूर्वी होईल.