बोलोन्याचा कॅट आणि पत्त्यांवरचे भविष्य

टॅरो म्हणजे चार रंगांच्या 56 पत्त्यांना 22 चित्रांच्या हुकमाची जोड देऊन तयार झालेला 78 पत्त्यांचा कॅट, अशी त्याची ओळख सर्वसाधारणपणे करून दिली जाते. एखाद्या शहराची चित्रे, तिथली दैवते किंवा तिथला वेश घेऊन काढलेला कॅट हाती आला, की मूळच्या प्राचीन आणि सर्व देशांना सारख्याच लागू असलेल्या विद्येला कोणीतरी हौसेने स्थानिक पेहराव चढवला आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. या पत्त्यांचा इतिहास मात्र नेमका उलट क्रम दाखवतो, आणि तो समजून घेण्यासाठी उत्तर इटलीतील बोलोन्या या शहराकडे वळावे लागते.

टॅरोचे पत्ते उत्तर इटलीत 1440 च्या सुमारास प्रचारात आले ते खेळण्यासाठी. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्त्सा या राजघराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेल्या पत्त्यांवर त्या घराण्यांची राजचिन्हे आहेत. म्हणजे आज हाती असलेले जुन्यातले जुने कॅटही एका विशिष्ट गावचे आणि एका विशिष्ट दरबारचेच होते. बोलोन्यात या खेळाने वेगळे वळण घेतले. तिथे प्रत्येक रंगातील दुरीपासून पंजीपर्यंतचे पत्ते गळाले आणि कॅट 62 पत्त्यांचा झाला. हुकमातील पोप, सम्राट व त्यांच्या जोडीच्या आकृती असे चार पत्ते समान मानाचे ठरले, आणि त्यांपैकी एकापेक्षा अधिक एकाच हातात पडले, तर शेवटी पडणाऱ्याने हात जिंकावा असा नियम रूढ झाला. पोप आणि सम्राट यांच्यात थोर कोण, हा युरोपातला शतकानुशतकांचा वाद बोलोन्याच्या खेळाडूंनी अशा रीतीने पानांच्या क्रमावर सोडून दिला, हे मोठे गमतीचे आहे.

पत्त्यांवरचे चित्र स्थानिक असले की ते निरुपद्रवी राहतेच असे नाही, याचा प्रत्यय 1725 साली आला. लुइजी मोंतिएरी या धर्मगुरूने खेळता खेळता भूगोल शिकवणारा टॅरो छापला आणि त्यात निरनिराळ्या राज्यांच्या शासनपद्धती नोंदवताना बोलोन्याच्या नावापुढे ‘मिश्र शासन’ असे लिहिले. बोलोन्या पोपच्या राज्यात मोडत असले, तरी 1447 च्या करारान्वये शहराचा कारभार पोपचा प्रतिनिधी आणि नगरातील सरदारांची सभा यांनी मिळून पाहायचा होता, त्यामुळे वर्णन वस्तुस्थितीला धरूनच होते. परंतु पोपच्या प्रतिनिधीला ते खपले नाही, मोंतिएरीला अटक झाली आणि पत्ते जाळण्याचा हुकूम निघाला. शहराच्या अभिमानाच्या विषयावर खटला चालवणे अवघड जाणार, हे ध्यानात आल्यावर प्रकरण मिटवण्यात आले आणि आक्षेपाचा रोख त्या चार पत्त्यांकडे वळवण्यात आला. पोप-सम्राटांच्या जागी चार मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मुसलमान सरदारांच्या आकृती आल्या. चौघांचा मान सारखाच, हा नियम मात्र तसाच राहिला.

याच कॅटवर टॅरोने भविष्य सांगण्याचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा मिळतो. सुमारे 1750 च्या एका निनावी हस्तलिखित पानावर बोलोन्याच्या 35 पत्त्यांचे अर्थ नोंदवलेले आहेत, आणि ते इतके रोकडे आहेत की गूढविद्येची अपेक्षा बाळगून वाचणाऱ्याची निराशाच व्हावी. सूर्य म्हणजे दिवस, चंद्र म्हणजे रात्र, तारा म्हणजे भेटवस्तू, रथ म्हणजे प्रवास आणि जग म्हणजे लांबचा प्रवास. सैतान म्हणजे राग. गारुडी म्हणजे विवाहित पुरुष आणि देवदूत म्हणजे लग्न किंवा समेट. येथे आत्म्याची वाटचाल नाही, ग्रहांची मांडणी नाही. भेट कोण आणणार, ती दिवसा की रात्री येणार, कोणाचे लग्न जुळणार आणि कोण रुसणार, एवढाच या भविष्याचा आवाका आहे. पत्ते पिसून मांडले की शेजारी-शेजारी पडलेल्या अर्थांची सांगड घालून वाक्य तयार करायचे, आणि ते वाक्य समोर बसलेल्या माणसाला आपल्या घरावर, आपल्या गल्लीवर बेतून घेता यायचे. पत्त्यांवरच्या आकृती त्याने लहानपणापासून डावात हाताळलेल्या असत, त्यामुळे त्या समजावून सांगण्याचे कारणच उरत नसे. अशा भविष्यकथनाची खरी मदार या आधीच्या ओळखीवर होती, पत्त्यांच्या अंगच्या कोणत्या शक्तीवर नव्हे.

सार्वत्रिकतेचा दावा त्यानंतरचा आहे. 1781 साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ याने टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ असल्याचे पुराव्यावाचून जाहीर केले. एत्तेया हे नाव घेऊन वावरणाऱ्या भविष्यवेत्त्याने सुलट्या आणि उलट्या पत्त्याला वेगवेगळे अर्थ देऊन त्याचे रीतसर शास्त्र बनवले. आणि 1909 साली लंडनमध्ये ए. ई. वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने अंकांच्या पत्त्यांवरही प्रसंगचित्रे काढली. आजचे बहुतेक स्थानिक कॅट याच शेवटच्या साच्यावर बेतलेले असतात, आणि त्यांतले पुष्कळसे केवळ वेशांतर करून थांबतात. 1992 च्या न्यू ऑर्लिन्स वूडू टॅरोने मात्र चार रंगच बदलून तिथे पेट्रो, काँगो, राडा आणि सांतेरिया या आफ्रिकी मुळाच्या उपासनापरंपरा आणल्या, आणि म्हणून तो पाहण्याजोगा ठरतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही स्थानिकता अशीच खेळाच्या हाडामांसात आहे: 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, आणि दिवसा रामाच्या तर रात्री कृष्णाच्या रंगाने डावाची सुरुवात.

बोलोन्याच्या पत्त्यांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक फरक पडला: खेळताना पान फिरवून धरावे लागू नये म्हणून चित्रे मधून दुभागून दोन्ही टोकांनी सारखी छापली जाऊ लागली. हे पत्ते आजही मिळतात. लंडनच्या कॅटवर शिकलेल्या जाणकाराने ते मांडायला घेतले, तर गारुडी, रथ, सैतान यांपैकी कोणताही पत्ता उलटा पडूच शकत नाही, आणि त्याच्या पाठ असलेल्या अर्थांपैकी निम्मे त्याला बाजूला ठेवावे लागतात.