अंगणातून वर्गाकडे

(नंदुरबार जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बालशिक्षणाचा विषय निघाला की आपल्यापुढे प्रथम पाटी आणि मुळाक्षरे येतात. मूल मात्र शाळेच्या दारी येते तेव्हा त्याच्याजवळ एकच संपत्ती असते, ती म्हणजे त्याची बोली. धडगावच्या पाड्यावरचे बालक पावरी बोलते, नवापूरकडचे मावची बोलते. शहाद्याच्या घरातही आजीच्या तोंडी ‘आंडोर’ असतो आणि पुस्तकात ‘मुलगा’ असतो. गुरुजींचा प्रश्न न कळल्याने मूल गप्प बसते आणि आपण त्याला ‘मंद’ ठरवून मोकळे होतो. हा त्या बालकावर अन्याय आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. त्यामागे दारिद्र्य आहे, दुर्गमता आहे. पण पहिलीच्या वर्गातील हे मौनही आहे.

या मौनावरचा उपाय महाराष्ट्राने पूर्वीच पाहिला आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभे केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली बालकांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’ आली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, शिंपले, खडे आणि पाने यांनी घेतली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 1975 साली केंद्र शासनाची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

कोसबाडचे हे सूत्र सातपुड्यात सहज आणता येईल. अंगणवाडी सेविका बहुधा गावातलीच असते, तिला बोली येते. पहिलीचे शिक्षक पुष्कळदा बाहेरगावचे असतात. शाळा उघडण्यापूर्वी या दोघांनी एकत्र बसून पाड्यावरच्या शंभर नित्याच्या शब्दांची यादी करावी: नाती, अवयव, प्राणी, भांडी, झाडे, क्रियापदे. आरंभी गोष्ट बोलीत सांगावी, चित्रावर बोलीतच बोलू द्यावे. मग प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा मराठी सोबती ठेवावा. अर्थ आधी कळला की अक्षर परके वाटत नाही. बोलीमुळे मराठी मागे पडते, ही भीती निराधार आहे. बोलीच्या खांद्यावर बसूनच मूल मराठीकडे येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया मानला असून, शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे.

आता घराविषयी. ‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?’ असे अनेक माता म्हणतात. माताभगिनींनो, मोहाची फुले वेचताना पाचापाचांचे ढीग लावणे हे गणित आहे. मिरचीतील लाल, हिरवी, लांब, आखूड निवडणे हे वर्गीकरण आहे. आजीची गोष्ट ऐकून ‘पुढे काय झाले?’ असे विचारणे हा वाचनाचा पाया आहे. ऊसतोडीसाठी कुटुंब गुजरातकडे जाते तेव्हा शाळा मागे राहते; गोष्ट आणि मोजणी मात्र सोबत जाऊ शकतात. मूल शक्य तर आजी-आजोबांपाशी ठेवावे. न जमल्यास परत येताच त्याला रागे न भरता वर्गात सामावून घ्यावे.

शहरातील सुशिक्षित पालकांचा दोष वेगळा. ते तिसऱ्या वर्षीच मुलाच्या हाती पेन्सिल देतात, गृहपाठ मागतात आणि जेवताना भ्रमणध्वनी समोर धरतात. लेखनाआधी बोटांना माती, मणी, पीठ हवे. बोलण्याआधी ऐकणारे माणूस हवे. रोज अर्धा तास मुलाशी घरच्या भाषेत बोलणे हे कोणत्याही महागड्या बालवर्गाच्या तोडीचे आहे.

कार्यकर्त्यांना एकच विनंती. आपल्या गावातील अंगणवाडीत आठवड्यातून एकदा जा आणि गोष्ट सांगणाऱ्या एका आजीला सोबत न्या. सेविका आणि शिक्षक यांची गाठ घालून द्या. येत्या जूनमध्ये पहिलीत बसणाऱ्या प्रत्येक बालकाला निदान एक तरी माणूस त्याच्या भाषेत ‘ये, बस’ म्हणणारे भेटावे, एवढे आपण सर्वांनी मिळून पाहू या.